बावन्न मिलिमीटर, पाऊण पिच

उद्यमबागेत बावीस वर्षं लेथवर आहे मी,
हात थाऊच्या हिशोबात बसलेला.
भरमाण्णानं त्याचा जुना कॅमेरा दिला, म्हणाला,
लेन्स उलटी लाव गा, तोंड आत, पाठ बाहेर,
मुंगी म्हशीएवढी दिसंल.
आणि मधली रिंग विकत घेऊ नकोस,
तूच काढ.

काढली. जेवणाच्या सुट्टीत,
ॲल्युमिनियमच्या उरल्या तुकड्यातनं,
बावन्न मिलिमीटर, पाऊण पिच.
पहिली बिघडली. दुसरी अशी बसली
की आटे फिरताना आवाज नाही.
वाटलं, झालं काम.

काम कशाचं.
पहिल्या रविवारी स्वयंपाकघराच्या खिडकीत
मिठाचे चार खडे, काडेपेटीतली एक काडी,
आणि कुंद्याचा कण, जो नंतर मीच खाल्ला.
एकशे चाळीस फोटो.
एकशे चाळीस वेळा धुकं.
मी फोकसची रिंग पिळत बसलो होतो,
आणि इथं रिंगेला कुणी विचारत नाही,
इथं आपणच कमरेतनं झुलायचं,
थोडं पुढं, थोडं मागं,
आणि मध्ये कुठंतरी जग क्षणभर धार धरतं.
बायको दारातनं म्हणाली,
काय करूलालाय सकाळधरनं?
मिठाला नमस्कार घालूलालाय?

पण एकदा दिसला खडा.
चौकोनी, आणि आत उतरत गेलेल्या पायऱ्या,
जशी गावाबाहेरची कोरडी विहीर.
रोज आमटीत टाकतो आपण.

मग येळ्ळूरच्या शिवारात, पौषात.
भात कधीच निघालेलं, त्या ओलीवर हरभरा.
भरमाण्णा म्हणाला होता, उन्हं यायच्या आधी जा,
किडे गारठलेले असतात, पळत नाहीत.
फ्लॅशवर दुधाची पिशवी धुऊन बांधलेली,
गुडघे काळ्या मातीत.
आणि पानावर केस!
प्रत्येक केसाच्या टोकाला एक थेंब.
आंब.
लहानपणी फडकं फिरवून पिळायचो ती,
पोट दुखलं की चमचाभर.
ती येते कुठनं, कधी विचारलंच नव्हतं.

पानाच्या काठावर मुंगी.
मी तिच्यापासून तीन बोटांवर.
स्पष्ट दिसतं ते जग इथं दहा थाऊ जाड, असेल-नसेल.
तिचा डोळा त्यात आला तर मिश्या बाहेर,
मिश्या आल्या तर डोळा गेला.
मशीनवर ह्याहून बारीक कापलंय मी, हात न हलता,
पण तिथं मशीन चारशे किलोचं असतं.
इथं मी.
श्वास धरला, तर छातीतला ठोका
कॅमेऱ्यापर्यंत पोचायला लागला.

बांधावरनं निंगव्वा आली, भाजी खुडायला.
एन् इदु?
बघा म्हटलं.
एक डोळा तळव्यानं झाकून तिनं दुसरा लावला,
आणि बराच वेळ बोललीच नाही.
मग, इरवे? इष्टु दोड्डदु?
मी म्हटलं, मुंगी.
ती म्हणाली, हूं, मुंगी. इरवे.
आणि पुन्हा डोळा लावला.
तेवढ्यात ऊन आलं,
आणि ती, कुठल्याच नावाला ओ न देता,
पानाखाली गेली.

त्या दिवशीचे त्र्याण्णव.
एकात मागचा पाय आलाय, फक्त पाय,
त्यावर काटे, सांध्याशी एक आकडा,
बाकी सगळी मुंगी धुक्यात.
भरमाण्णाला दाखवला.
त्यानं चष्मा वर केला, फोटो आडवा केला, उभा केला.
जॉइंट बघ, म्हणाला.
असला जॉइंट आपल्याला जमंल काय?

सोमवारी पहिल्या पाळीला
टूलखालनं कीस सुटला, निळा, पीळदार.
बावीस वर्षं तो झाडूनं गोळा करतोय,
टोपलीनं भंगारात देतोय.
थंड होईपर्यंत थांबलो.
मग काडेपेटीतल्या काड्या खिशात ओतल्या
आणि त्याला आत ठेवला.