पेन्सिलची जाडी

रात्री दोननंतर बिश्केक जरा गप्प होतं,
तेव्हा आम्ही यंत्र मांडतो.
कुकरएवढं, तीन पायांचं.
बुडबुडा मधोमध येईतो मी गुडघ्यांवर;
ऊरमत गाडी बंद करतो, आलेला खोकलाही गिळतो.

मग भुई बोलते.
बोलते कसली, पुटपुटते:
हमरस्त्यावरचा ट्रक, पॉपलरची मुळं,
रस्त्याकडेच्या पाटातलं बर्फाचं पाणी,
चौथ्या मजल्यावर कुणीतरी बदललेली कूस.
वीस मिनिटं. की पुढचं अंगण.

आम्ही तिला एकच विचारत असतो:
डोंगराला हिसका बसला
तर तू तो किती वाढवून देशील?
दक्षिणेला गोटे आहेत, ती थोडक्यात उत्तर देते.
उत्तरेला रेती, रेतीत पाणी,
तिथं वाटीतल्या दह्यासारखी
थांबायचं नावच घेत नाही.

शरद ऋतूत पायथ्याशी चर खणला होता.
भिंतीवर थरांवर थर, आणि मध्येच एक तुटलेला,
त्याचा दुसरा अर्धा माझ्या कमरेइतका खाली.
तुटल्या जागी नखाएवढा कोळसा.
कुणी चूल पेटवली होती. काय शिजत होतं कोण जाणे.
प्रयोगशाळेनं वर्ष कळवलं,
पुढेमागे साठ.
साठ वर्षांत माणूस जन्मतो, घोडे राखतो,
नातवाला खोगिरावर बसवून मरतोही.
आमच्या तक्त्यात तेवढी चूक चालते.

सोनुनबुबूच्या तंदूरपाशी पहाटे थांबतो.
सगळे विचारतात तेच ती विचारते: कधी?
कधी ते नाही सांगता येत, आपा.
पन्नास वर्षांत दहा टक्के, असं म्हणतो आम्ही.
ती गरम रोटीचे दहा तुकडे करते,
पिठाच्या हातांनी माझ्यापुढे मांडते.
"समज, एकात काच आहे.
आता यातला पोराला कुठला देशील?"

मी चहा पिते. 
रोटी ऊरमत खातो, दहाही तुकडे.

नकाशा फेब्रुवारीत पुरा झाला.
पिवळा, नारिंगी, मग तो तांबडा पट्टा
शहराच्या दक्षिण कडेनं,
जिथं डोंगर बघत राहायला मिळावा म्हणून
लोकांनी कर्ज काढून घरं बांधली.
शाळेवर रेघ आली. 
फोन आला, आवाज सभ्य होता:
मेएरिम एजे, जरा वर सरकत असेल तर बघा.
पायाखालची जमीन सरकते हे ऐकून होते.
रेघ सरकवा म्हणणारा हा पहिला.

बघितलं मी. खरंच बघितलं.
पेन्सिलची रेघ कागदावर अर्धा मिलिमीटर,
जमिनीवर बारा-तेरा मीटर:
एक गल्ली, तिच्या दोन्ही बाजूंची दारं,
सफरचंदाचं एक झाड, साखळीचा कुत्रा,
आणि शाळेची अर्धी व्यायामशाळा.
टोक काढलं. पुन्हा काढलं.
रेघ बारीक होत गेली, नाहीशी होईना.
तिच्या जाडीत माणसं राहतात
हे टिपेत कसं लिहायचं
ते मला कुणी शिकवलेलं नाही.

रेघ होती तिथंच ठेवली.
शाळेच्या भिंतींना पोलादाचे पट्टे हवेत,
खर्च अमुक, असं वेगळ्या कागदावर लिहिलं.
तो कागद कुठल्या खणात आहे, माहीत नाही.

सही करताना ऊरमत खांद्यावरून बघत होता.
बोट न लावता त्यानं आपली गल्ली शोधली,
मला कळलं, कारण त्याचा श्वास
यंत्र मांडल्यासारखा थांबला.

दुसऱ्या दिवशी उशिरा आला.
गाडीची किल्ली फिरवत म्हणाला,
"लेकीच्या पलंगावरचं कपाट हलवलं.
जड निघालं. शेजाऱ्याला बोलवावं लागलं.
मग त्याचंही हलवलं."