साडेचारची भरती

षष्ठी. सहाची पाऊणपट, साडेचार.
भिकू खवणेकरनं बोटांवर मोजलं,
माझ्या मोबाइलमधलं कोष्टक
न बघताच खिशात घालायला लावलं.

चंद्र केव्हाच बुडालाय. मतलई सुटलीय.
देवबागच्या मुखातून दर्या अजून
कर्लीत शिरतोय.
माझ्याकडे नवी रीळ, जपानी गळ.
त्याच्याकडे बाटलीला गुंडाळलेला तंगूस
आणि डब्यात जिवंत चार कोळंब्या.

"तांबोशी खडपात आसतली. थंयच सोड."
सोडली. ओढ आली. तुटली.
पुन्हा. पुन्हा तुटली.

तो काही बोलला नाही.
गाठ दातांनी आवळली,
उरलेली एक कोळंबी शेपटीत टोचली,
बाटली माझ्या हातात दिली.
"आता बोटाक इचार."

बोटावर दोरा.
खडपाच्या काळोखात
कुणीतरी कोळंबी हुंगतंय,
अजून ठरत नाहीय त्याचं.