चौथा गट

सेमिनरी हिल्सला मे महिन्यात
उंदरांच्या खोलीतला एसी चोवीसवर असतो.
होस्टेलच्या कुलरमध्ये मात्र नुसता वाळा, पाणी नाही.
म्हणून मी रात्री इथेच थांबते
आणि तूप धुते.

तांब्याची परात, तांब्याचाच गडू.
गार पाणी ओतायचं, गडूच्या बुडाने घोटायचं, निथळायचं,
असं शंभर वेळा.
त्रेसष्टच्या आसपास माझी मोजणी नेहमी चुकते.
तूप पांढरं होत जातं, वास सोडतं,
शेवटी शेवटी त्याला दुधाची ओळखही पटू नये.

हा पहिला गट.
दुसऱ्याला मध.
तिसऱ्याला रोहूची कातडी.
दुर्पताबाई मारबते मंगळवारीतून डब्यात बर्फावर आणते,
खवले काढलेली, स्वच्छ.
"उंदराले मासोळीचं पातळ नेसवता का वो बाई?"
असं विचारते, आणि पैसे घेत नाही.
"फेकाचीच असते ते."

पितळी सळई उकळत्या पाण्यात पाच मिनिटं.
मग भादरलेल्या पाठीवर दहा सेकंद.
भूल दिलेली असते, परवानगीचा कागद भिंतीवर असतो.
शंभर मोजताना मी चुकते,
हे दहा कधीच चुकले नाहीत.

दर तिसऱ्या दिवशी
जखमेवर पारदर्शक कागद धरून कड गिरवते,
तो आलेखकागदावर ठेवून चौकोन मोजते.
अर्धे चौकोन कसे धरायचे, यावर निखाडे मॅडमशी एकदा वाद झाला.
सात नंबरची जखम थेट आमच्या उमरेड तालुक्यासारखी होती,
चौदाव्या दिवशी त्यात एकच गाव उरलं.

गोळीबार चौकात यादोराव हेडाऊंच्या सावजी भोजनालयात
मी डबा लावलाय.
त्यांच्या मनगटापासून कोपरापर्यंत
तर्रीचं जुनं तेल अजून चकाकतं.
"काय लावलं होतं, काका?"
"जे होतं ते. शाई लावली. अंड्याचं पांढरं लावलं.
एकानं इतवारीतून अस्वलाची चरबी आणली, तेही लावली.
तुमचं काय म्हनते पुस्तक?"
मी म्हटलं, आधी नळाखाली हात, वीस मिनिटं.
ते हसले इतके की वाढपी थांबला.
"त्या दिवशी नळाले पानी होतं का पन?"

हे मी टिपून घेतलं नाही.
कुठल्या रकान्यात टाकणार होते?

चौथ्या गटाला काहीच नाही.
सलाइनने ओली जाळी, तीही सगळ्यांना असते तेवढीच.
त्यातला अकरा नंबर
माझ्या हाताचा वास ओळखून पुढे येतो,
की हाताला लागलेल्या तुपाचा, कोण जाणे.
त्याचीही जखम भरली.
पाच दिवस उशिरा, मधल्या भागात जरा ओबडधोबड,
पण भरली.
आलेखात ती सगळ्यात खालची रेघ,
बाकीच्यांची उंची तिच्यावरून मोजायची.

उद्या एकविसावा दिवस.
चारही गटांची नवी कातडी
गुलाबी-जांभळी रंगवून काचेखाली जाईल.
कोणती किती छान जुळून आली, ते तेव्हाच कळेल,
पाठ पाठीवर नसताना.

उरलेलं तूप मी बरणीत भरते.
वर्षभर भेगाळलेले माझे हात
या महिन्यात मऊ झालेत, कुणी विचारलेलं नाही.
अकरा नंबर झोपलाय, पोट वरखाली होतंय.
एक, दोन, तीन,
मी मोजायला लागते
आणि त्रेसष्टला चुकते,
पुन्हा पहिल्यापासून.