एकसष्ट किलो, दोनशे पस्तीस ग्रॅम

एवढाच भाऊ त्यांना चालायचा.
वर एक घोट पाणी गेलं
की तो मोजणीतून बाद.

मी चोरकोरच्या किनाऱ्यावर मासे धुरावते.
वजनातलं मला कुणी शिकवू नये.
सकाळची पाटी संध्याकाळी किती उरते,
धूर किती खातो, माशी किती, घासाघीस किती,
हाताला कळतं.
पण लढत जवळ आली की
आमच्या घरात भांड्यावरचं झाकण वाजायचं नाही.
आम्ही केंके शेजारी जाऊन खायचो,
चोरासारखे, बोटं चाटून, तोंड धुऊन परत.
अयिक्वे दारात बसलेला असायचा.
त्याला वास यायचाच.

बुकोमच्या गल्लीत नवव्या वर्षी शिकला तो.
दोन पोरांत ग्लोव्हजची एक जोडी:
उजवा याला, डावा ओब्लिटेला.
नागड्या डाव्या हाताने हा मारायला कचरायचा,
नुसता चाचपायचा समोरच्याला,
अंधारात काडेपेटी शोधावी तसा.
पुढे पेपरवाले त्याला शैली म्हणाले.

लागोस. आबिजान. मग लीड्स,
तिथे बर्फ पडत होता
आणि याच्याकडे गरम असं काही नव्हतं,
रिंगमध्ये घालायचा सॅटिनचा झगा सोडून.
तोच घालून बसस्टॉपवर उभा राहिला.

मग कोपनहेगन. पट्ट्याची लढत.
काट्यावर ऐंशी ग्रॅम जास्त.
ऐंशी ग्रॅम म्हणजे एक कांदा, तोही लहान.
डोकं भादरलं.
टॉवेल आडवा धरून चड्डी उतरवली.
तासभर बाटलीत थुंकला.
ट्रेनर म्हणाला, गळ्यातला मणी.
हा म्हणाला, तो बाबांचा आहे.
ट्रेनर काहीच बोलला नाही.
मग काढला.

काटा भरला.
अकराव्या फेरीत पायांनी त्याला ओळख दाखवली नाही.

हरून आला, तरी गावात वजन वाढलं:
खाटकाने उधारीचं पान फाडलं,
मुखियाने शेजारची खुर्ची दिली,
आणि मी पहिल्यांदा त्याला पोटभर जेवताना पाहिलं.
घाबरल्यासारखा जेवत होता.

त्यानंतर फोन शुक्रवारी यायचे, रविवारच्या लढतीसाठी.
कुणाचा तरी पोरगा वर चढत असायचा,
त्याला पायरी लागायची.
पायरीचे पैसे बरे मिळतात.
या भट्ट्या त्यातल्याच. हे पत्रेही.
एकतीस जिंकल्या, चौदा हरल्या, तो सांगतो.
मी पाट्या मोजायच्या सवयीने मोजते
तर हरलेल्या वीस भरतात.
मी भांडत नाही.

आता दुपारी माझ्या टपरीवर बसतो.
सुटे पैसे दोनदा देतो.
परवा गिऱ्हाइकाला ‘आठ सेडी’ म्हणायचं, तर म्हणाला,
‘आठवी फेरी’.
बाई हसली. तोही हसला.
मग बराच वेळ आपल्या हातांकडे बघत राहिला,
कुणीतरी ठेवायला दिलेत आणि परत न्यायला आलंच नाही
असे ते हात.

अंधार पडला, बायका पांगल्या,
की तो पोत्यांच्या काट्यावर चढतो.
आधी चपला काढतो. मग घड्याळ.
मग हात गळ्याशी जातो,
तिथे काही नसतं;
ते तिकडेच राहिलं, कुठल्याशा हॉटेलात,
साबणाच्या वाटीत.
तरी बोटं गाठ शोधत राहतात.

श्वास रोखून उभा.
काटा कुठे थांबला ते मी बघत नाही.
ओलं लाकूड सारते आत, धूर होऊ देते थोडा.

श्वास सोड रे, म्हणते,
आणि उतर.
मासे चढवायचेत.