पेव

जालन्याच्या भट्टीवर रोज टनानं लोखंड वितळवतो मी,
आणि आईच्या रक्तात लोह नाही.

गोळ्या झाल्या. लोखंडी कढईतला चुका झाला.
हिमोग्लोबिन साडेसात, फेरिटिन चारशे.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लोह अंगातच आहे,
राखणदार पेशींनी गिळून ठेवलंय.
सांधे धुमसतात तोवर
यकृत कुलूप काढायचं नाही.

आईला माझ्याआधी कळलं.
"म्हंजे पेव," ती म्हणाली.
"रझाकाराच्या भ्यानं आज्यानं ज्वारी पेवात लोटली,
तोंड लिंपलं, वर म्हैस बांधली.
ते गेले तरी आजा उघडंना.
कडी वाजली की म्हणं, आले.
माय ज्वारीवर उपाशी निजायची."

मग सुजलेली बोटं
उन्हात धरून
तिनं बोटांनाच विचारलं,
"कोण आलंय गं?"