तीन बोटांची मूठ

डरहॅमच्या खाणीत हिला नाव नव्हतं.
माणसं 'म्हातारी' म्हणत, ती नवी होती तेव्हाही,
कारण चढावर ती खोकायची.

बेचाळीस वर्षं कोळसा नदीपर्यंत,
रिकामे डबे परत.
ड्रायव्हर ओस्विन हेस्लप फावड्यावर बेकन भाजायचा
भट्टीचं दार उघडून,
आणि शिट्टी नव्हती म्हणून
रुळावरच्या गायींवर स्वतःच ओरडायचा.

मग चाकं काढली.
उरलेलं धड खाणीतलं पाणी उपसत राहिलं.
मग तेही नको झालं.
कोंबड्या भट्टीत अंडी घालू लागल्या;
तिथली ऊब त्यांना कुणी सांगितली कोण जाणे.

आता ती माझ्या ताब्यात.
मी विनिफ्रेड रेन, हातात कापूस, बाटलीत रॉकेल.
समिती विचारते, पुन्हा पेटवायची का?
मी पत्रा मोजते. ठिगळाजवळ जेमतेम चार मिलिमीटर.
वाफ कोंडली तर फाटेल.
नवा बॉयलर घाला, नव्या नळ्या, नवे रिवेट:
धावेल की! लोक टाळ्या वाजवतील,
आणि जुनी भंगारात पडून ऐकेल.

मी लिहिलं, पेटवू नये.
अध्यक्ष म्हणाले, मग हिचा उपयोग काय?

मला उत्तर देता आलं नाही.
संध्याकाळी दिवे घालवण्याआधी
वाफेचा दांडा धरला.
लोखंड एका जागी झिजून खोलगट झालंय,
तीनच बोटांपुरतं.
ओस्विनची दोन कुठे गेली, नोंद नाही.
माझी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट
खाचेबाहेर राहिली,
गार हवेत.