चादरीच्या पलीकडून

जूनच्या अखेरीस गिमलीत
दहा वाजले तरी उजेड जायचं नाव घेत नाही.
निघतो निघतो म्हणत दारात उभा राहून
पुन्हा गप्पा काढणाऱ्या पाहुण्यासारखा.
आणि मी तर मुलांना सांगून बसले होते,
नऊला सिनेमा.

नऊला फक्त डास आले.

हालग्रीमने शाळेतून प्रोजेक्टर आणला,
सही करून, तीन दिवसांच्या बोलीवर.
वाळवणाच्या खांबापासून गॅरेजच्या खिळ्यापर्यंत
मासळीच्या जाळ्याची निळी दोरी ताणली,
बोट बांधावी तशा गाठी मारल्या,
आणि तिच्यावर आमच्या लग्नातली चादर.
तिच्या मधोमध ब्लूबेरीचा डाग,
धुऊन धुऊन नकाशासारखा झालेला.
"असू दे," तो म्हणाला, "कुणाच्या तरी गालावर तीळ येईल."

खुर्च्या सात. त्यातली एक आपोआप मिटते.
तिच्यावर दरवर्षी माझा भाऊच बसतो,
दरवर्षी विसरून.
पॉपकॉर्न पातेलंभर,
अंधार पडायच्या आत संपलेलं.
दुसरं पातेलं. तेही.

ब्रिन्या दर पाच मिनिटांनी:
आता झाला का अंधार?
नाही गं, अजून तुझं नाक दिसतंय मला.
आता?
शेंडा दिसतोय.
नाक दिसेनासं झालं
तेव्हा ती झोपली होती.

मग सिनेमा.
एक मुलगी, एक घोडा,
आणि दोघांची ताटातूट करणारा काका.
डागाखालून घोडा गेला, नदी गेली,
काकाचं कपाळ मात्र नेमकं तिथेच अडकलं.

वीस मिनिटं बरी गेली.
मग सरोवराकडून ते आले.
आधी एक, घोड्याच्या पाठीवर.
मग मोजायचं कारणच उरलं नाही.
फिशफ्लाय म्हणतात त्यांना इथे.
लांब पंख, दिवसाभराचं आयुष्य,
आणि खायला तोंडच नाही.
पॉपकॉर्न नको, गप्पा नकोत,
उजेड दिसला की यायचं, एवढंच.

चादरीला जीव आला.
घोड्याला भलतीकडेच आयाळ फुटली,
मुलीचा चेहरा थरथरायला लागला,
काका पूर्ण झाकला गेला, ते एक बरं झालं.
हालग्रीमने आधी फडकं घेतलं, मग झाडू,
आणि शेवटी बटणच बंद केलं.

अंधार.
ज्याची इतका वेळ वाट बघत होतो, तो.
कुणीच काही बोलेना.

तेवढ्यात कुंपणापलीकडून,
"बंद का केलंत?"

म्हातारा मिखाल्चुक.
तीन वर्षं आम्ही त्याच्याशी बोललो नव्हतो.
कशावरून, तेही आता नीट आठवत नाही.
आठवतं. फांदीवरून.
त्याच्या परसात एकच खुर्ची,
आणि तो आमच्या चादरीच्या पाठीशी बसलेला,
अगदी पहिल्यापासून.

"तुम्हाला उलटं दिसत असेल," मी म्हणाले. दोनदा, ओरडून.
"दिसतं ना. सगळी माणसं डावखुरी.
अक्षरं लागत नाहीत, पण ती मला
सुलट असली तरी कुठे लागत होती.
त्या घोड्याचं काय झालं पुढे?"

काय सांगणार? आम्हालाच माहीत नव्हतं.

"थांबा," तो म्हणाला.
काठी टेकत गेला टोकाच्या बोटशेडपर्यंत
आणि तिथला मोठा दिवा लावला.

त्या निघाल्या.
झुंडीझुंडीने, पाठ फिरवून,
जणू आम्ही त्यांचे कधी कुणी नव्हतोच.
अर्ध्या तासात त्याची पांढरी भिंत करडी झाली.
आमचा पडदा जरा फिकट दिसत होता,
पण दिसत होता.

इकडे या म्हटलं, खुर्ची आहे.
माझा भाऊ उठलासुद्धा,
आणि खुर्ची मिटली.
"नको," मिखाल्चुक म्हणाला,
"आता मला याच बाजूची सवय झाली."

सकाळी हालग्रीम फावडं घेऊन पलीकडे गेला,
भिंतीखालचा ढीग उचलायला.
मी चादर भिजत घातली.
ब्रिन्या विचारत आली, घोडा घरी गेला का?
गेला.
कुठल्या बाजूने?

आमच्याकडून उजवीकडे, मी म्हणाले.
पण पलीकडेही विचारून ये.
मोठ्याने विचार.